जमिनीवर पडलेली वडी

मी, खाली सही करणारी, या गल्लीत ‘गाडीवाल्या काकू’ म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षं अडुसष्ट, धंदा मोटारींच्या रंगाची सफाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण ते ठिकाणावर नसल्याची शंका माझ्या मुलाने गेल्या महिन्यात जेवताना बोलून दाखवली होती. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. दडपण आणायचं तर दुपारच्या आत उठावं लागतं, आणि तशी सवय घरात मला आणि सुनेलाच आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणाच्या कपाटात निघालंच, तर ते त्या कपाटाच्या मालकाने लिहिलं असं समजावं.

कलम १. आमच्या धंद्याच्या शेडच्या वरच्या दोन खोल्या मुलगा आणि सून यांच्या नावे, निम्म्या-निम्म्या. कोणती कुणाची हे त्यांनी भांडून ठरवावं. सराव आहे.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझं शेवटचं साधेपणाने करावं आणि उरेल ते दोघांनी वाटून घ्यावं. माझा फोटो मोठा करून शेडमध्ये लावू नये. ओल्या हातांनी काम करणाऱ्यांवर वरून कुणी नजर ठेवलेली मला आवडत नाही. जिवंतपणी मी तेच केलं, तेवढं पुरे.

कलम ३. ह्यांची जुनी गाडी मुलाला. ह्यांचा पॉलिशवर भारी विश्वास. घरात वाजलं की हे खाली जात आणि गाडीला पॉलिश करत बसत. पॉलिश म्हणजे रंगाचा पापुद्रा खरवडणंच. टपावर रंग जाऊन आतलं राखाडी अस्तर दिसतं ते त्यामुळे. आमचा संसार कसा झाला हे कुणाला बघायचं असेल तर त्या टपावर बघावं. मुलाने गाडी जरूर चालवावी, पण टप रंगवून घेऊ नये. एवढं एक माझ्यासाठी.

कलम ४. शेड, तिच्यातला पाण्याचा पंप, दिवे, फडकी आणि चालू गिऱ्हाइकं, हे सगळं संपूर्ण मालकी हक्काने माझ्या सुनेला. ती माझ्या मुलाबरोबर राहो वा न राहो. या हक्कावर मुलाने, माझ्या दिराने किंवा आणखी कुणी दावा सांगू नये.

कारण लिहिण्याची कायद्याने गरज नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. गरज मला आहे.

आमचं काम वडीचं आहे. क्ले बार म्हणतात ती, चिकणमातीसारखी मऊ. गाडी धुतली की धूळ जाते, पण ब्रेकचा लोखंडी कीस, झाडाचा चीक, डांबराचे कण रंगाला धरून बसतात. पातळ पिशवीत हात घालून बोनेटवरून फिरवला तर ते खरखर लागतात. मग बुळबुळीत पाणी फवारायचं आणि वडी अलगद सरकवायची. दाबायची नाही. ती कण उचलून घेते. मळली की दुमडायची, स्वच्छ बाजू वर काढायची. आणि हातातून जमिनीवर पडली तर टाकून द्यायची, कारण तिच्यात खडे बसतात. मग ती वडी राहत नाही, कानस होते. म्हणून सून प्रत्येक वडीचे चार तुकडे करते. पडला तर तुकडा जातो. मुलगा अख्खी वडी मुठीत धरतो. तुकडे करणं त्याला चिंगूसपणा वाटतो.

दातांच्या डॉक्टरांची काळी गाडी आली तेव्हा त्याची वडी पडली. त्याने ती उचलली, पँटला पुसली आणि बोनेटवर फिरवली. डॉक्टर गाडी न्यायला आले, तर बोनेट मांजराने नखं घासल्यासारखं.

मुलगा म्हणाला, “सॉरी हां डॉक्टर, आमच्या हिचा हात जरा जड आहे.”

सून नळापाशी फडकं पिळत होती. पिळतच राहिली.

मी दिवा खाली घेऊन बघितलं. ओरखडे गोल होते. सून वडी सरळ रेषेत फिरवते, कारण मी तसंच शिकवलं. गोल फिरवतो तो माझा मुलगा, न्हाव्याने आरसा पुसावा तसा.

मी डॉक्टरांसमोरच विचारलं, “वडी पडली होती ना रे?”

“कुठली वडी?”

“पँटला जिची माती लागलीय, ती.”

“आई, तू नक्की कुणाच्या बाजूची?”

“बोनेटच्या.”

ते ओरखडे सुनेने घालवले, दिवसचे दिवस, एकेक वीत. मी तिला म्हटलं, “तिथल्या तिथे बोलायचं नाहीस का गं?”

“बोलून ओरखडे गेले असते का, आई?” मग फडकं वाळत घालता घालता म्हणाली, “मोठ्या शोरूमवाल्यांनी बोलावलंय मला. तिथे निदान दुसऱ्याचे ओरखडे माझ्या नावावर पडायचे नाहीत. तुम्ही आहात तोवर आहे मी.”

म्हणजे मी डोळे मिटले की ही जाणार. आणि ही गेली की शेड विकायची, हे मुलाने आणि माझ्या दिरांनी, भाऊजींनी, ठरवूनही टाकलं आहे. मला ते गिऱ्हाइकाकडूनच कळलं. माणूस गाडी धुवायला आला आणि छताची उंची मोजायला लागला.

तेव्हा शेड तिची. इथून पुढे ओरखडे पडले तर तिच्या नावावर पडोत, पण चमकही तिच्याच नावावर पडो. शोरूमवाल्यांना तिने काय कळवायचं ते तिचं तिने बघावं. मी हात जोडणार नाही. मनातून जोडले आहेत.

कलम ५. ती पडलेली वडी मी फेकली नाही. माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. ती मुलाला. त्याने ती उघडून आतले खडे बोटाने चाचपावेत. सोबत एक नवी वडी ठेवली आहे. शेडमध्ये काम करायची इच्छा असेल तर त्याने तिचे चार तुकडे करावेत, एक गाडी पुढून मागेपर्यंत स्वतः करावी, आणि सुनेने पिशवीत हात घालून ती तपासावी. खरखर लागली तर पुन्हा. तुकडा पडला तर त्याने “माझ्याकडून पडला” असं मोठ्याने म्हणावं. गिऱ्हाइकासमोर. हे त्याला जमेल असं मला वाटतं. माझाच मुलगा आहे, अस्तरापर्यंत गेलेला नाही अजून.

कलम ६. माझे दीर. शेड बांधताना आपण विटा वाहिल्या, म्हणून तिसरा हिस्सा आपला, असं भाऊजी सांगतात. विटा वाहिल्या त्या गाढवांनी. भाऊजींनी त्या मोजल्या, आणि त्याही चुकल्या. तरीही त्यांची रोजची बसायची प्लास्टिकची खुर्ची मी त्यांना देत आहे.

हे लिहिताना भाऊजी त्याच खुर्चीत समोर बसले आहेत. चष्मा नेहमीप्रमाणे घरी राहिला आहे.

“वहिनी, साक्षीदार म्हणून सही करतो मी. घरचं माणूस हवं.”

“करा की.”

“पण माझं नाव आहे ना यात?”

“आहे, भाऊजी. सगळ्यात शेवटी.”

“शेवटी का होईना,” म्हणाले, आणि खिशातलं पेन काढलं.

साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काहीच मिळत नाही, असं वकीलबाईंनी मला दोनदा समजावून सांगितलं आहे. तेव्हा खुर्चीही शेडमध्येच राहील. सुनेला दुपारची टेकायला होईल.

सही: गाडीवाल्या काकू

ठिकाण: शेडमधलं टेबल. दिनांक: ९ मार्च, सोमवार, कामाला सुट्टी.

साक्षीदार:
१. शेजारच्या सीटकव्हरवाल्या बाई (संपूर्ण वाचून सही केली, दोन ठिकाणी हसल्या)
२. धाकटे दीर (न वाचता सही केली)