बोर्डावरचे दात

दादा,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. मी आठवडाभर मैत्रिणीकडे आहे. फोन उचलणार नाही.

तुझा लाडका लॅपटॉप टेबलावर ठेवलाय. दुकानात मी माझ्या फोटोंच्या कामासाठी छोटा, चांगल्या स्क्रीनचा, धातूच्या मजबूत बॉडीचा निवडला होता. तू दुकानदारासमोर हसलास. "एवढंसं डबडं कशाला? स्क्रीन काय, सगळ्या सारख्याच. मोठा घे!" घेतला. वर्षाच्या आत बिजागरी ढिली झाली, आता झाकण डब्याला टेकवून उभं करावं लागतं. शिवाय स्क्रीन सगळं निळसर दाखवते, म्हणून फोटोत नको तितका पिवळा रंग वाढवला जातो. त्या नवरीचा पांढराशुभ्र ड्रेस अल्बममध्ये पिवळा छापून आला आणि तिच्या आईने मला चारचौघांत झापलं, तेव्हा तू काय म्हणालास? "नाचता येईना, अंगण वाकडं."

तर काल मी मला हवा होता तोच छोटा लॅपटॉप आणला. तुझ्या नव्या दवाखान्याच्या बोर्डासाठीचा तुझा फोटो मात्र तुझ्याच लॅपटॉपवर तयार केला. त्यावर तुझे दात अगदी मोत्यासारखे दिसले, तूही पाहून खूश झालास. मग तोच फोटो मी माझ्या छोट्यावर उघडून पाहिला. तिथे खरा रंग दिसला. तरी तसाच छापायला पाठवला.

बोर्ड आज सकाळी लागलाय. भलामोठा आहे, तुला आवडतो तसा. दातांच्या डॉक्टरचे दात हळदीत बुडवून काढल्यासारखे दिसतायत, आणि अख्खा चौक बघतोय.

कुणी हसलंच तर सांग, स्क्रीन सगळ्या सारख्याच असतात.

तुझी,
नाचता न येणारी बहीण