सासऱ्यांच्या कातरीचा चाकू

१ सप्टेंबर, रविवार

वही सुरू. स्टेशनच्या स्टॉकमधली आहे, रिटायर होताना चुकून माझ्या पिशवीत आली.

निश्चय: २० ऑक्टोबरला सासरेबुवा ऐंशी वर्षांचे होतात. त्यांना स्वतःच्या हाताने चाकू घडवून देणार.

निमित्त आजचा असादो, म्हणजे आमची रविवारची मांस भाजून खायची पंगत. निखाऱ्यावर मेंढी, भोवती सगळे पुरुष आपापला चाकू कमरेतून काढून उभ्याने खाताहेत. सासरेबुवांचा चाकू हिवाळ्यात ओढ्यात पडला. तेव्हापासून ते माझ्या बायकोच्या, नेलिदाच्या, स्वयंपाकघरातली पाव कापायची सुरी वापरतात. मीही तीच वापरतो, कारण माझा चाकू कधी नव्हताच. मेहुणा तुलिओ सगळ्यांदेखत म्हणाला, नेलिदा, ह्या दोघांना आता लाळेरीपण बांध गं. सगळे खो खो हसले. सासरेबुवा हसले नाहीत. हातातल्या सुरीकडे बघत म्हणाले, ह्या तिकीटवाल्याचं सोड, माझ्यावर ह्या वयात ही वेळ यायची होती.

एकतीस वर्षं जावई आहे. अजून तिकीटवाला. स्टेशनच्या खिडकीत इमानाने बसलो, हा माझा गुन्हा. २० ऑक्टोबरनंतर ‘एलिसेओ’ म्हणतील. नाव पाठ आहे त्यांना, मी खात्री केली आहे.

३ सप्टेंबर

यूट्यूबवर चार व्हिडिओ पाहिले. तत्त्व समजलं. बाकी हातोडा.

पोलाद जुनंच हवं, हल्लीच्यात दम नाही. शेडमध्ये खिळ्याला सासरेबुवांची लोकर कातरायची कातर टांगलेली आहे. चाळीस हंगाम त्यांनी तिच्यावर मेंढ्या भादरल्या. आता नुसती गंजते आहे. ते नेहमी सांगतात, ही बया महाहट्टी, दगडावर अर्धा तास घासावं तेव्हा कुठे धार घेते, पण घेतली की दिवसभर सोडत नाही. म्हणजे पोलाद उत्तम. शिवाय पाती दोन. एक त्यांना, उरलेलं मला.

नेलिदाला सांगितलं. ती म्हणाली, आधी बाबांना विचार. मी म्हणालो, सरप्राइज विचारून देतात का? ती म्हणाली, बघ बाबा. आणि चाकू फुकट देऊ नकोस हं, घेणाऱ्याने हातावर एक नाणं ठेवायलाच हवं, नाहीतर नातं तुटतं. हे मला शिकवते! मीही ह्याच गावात जन्मलो.

८ सप्टेंबर

ग्राइंडरने कातरीची दोन्ही पाती वेगळी केली. आवाज फार झाला. पोटात जरा कसंसं वाटलं. अपचन.

सासरेबुवा शेडमध्ये आले. रिकाम्या खिळ्याकडे बघून विचारलं, कातर कुठे गेली? मी म्हणालो, साफ करायला दिली आहे. खोटं म्हणता येणार नाही, एका अर्थी सफाईच आहे. ते खिळ्याकडे बघत राहिले, मग भट्टीसाठी आणलेल्या ट्रकच्या ब्रेक ड्रमकडे, मग माझ्याकडे. आणि शीळ घालत निघून गेले. त्यांना शीळ घालताना मी गेल्या कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. वय झालं की माणूस असं करतो.

१४ सप्टेंबर

भट्टी तयार. ब्रेक ड्रममध्ये कोळसा, ऐरण म्हणून रुळाचा तुकडा (हाही रिटायर होताना माझ्याबरोबर आला), भात्याच्या जागी नेलिदाचा हेअर ड्रायर. तिला अजून माहीत नाही.

गावचा लोहार बास्तेर्रा बघायला आला. त्याने ड्रायर पाहिला आणि टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाला, दोन गोष्टी ध्यानात ठेव. पातं विस्तवात असताना तिथून हलायचं नाही. आणि पाणी देताना, म्हणजे पातं कडक करताना, ते लालबुंद असतानाच तेलात बुडवायचं, साध्या पाण्यात नाही, तडकेल. मी म्हणालो, लिहून ठेवतो. ठेवलं नाही. माझ्या डोक्यात तीस वर्षं ट्रेनचं टाइमटेबल होतं, ह्या दोन ओळी किस झाड की पत्ती.

२२ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळी ५

पहिलं पातं संपलं.

कारणं नीट नोंदवतो. दुपारी दीडला पातं भट्टीत ठेवलं. एक ते चार ह्या गावात कुत्रंसुद्धा भुंकत नाही, जेवून सगळे आडवे. रविवारची दुपारची झोप मी लग्नाच्या दिवशीही चुकवली नव्हती. पाच मिनिटं पाठ टेकली. उठलो तेव्हा साडेचार. ड्रायर वितळून लोंबत होता आणि पात्याच्या जागी सच्छिद्र असं काहीतरी होतं. हातोडा लावताच चुरा झाला.

ह्यात माझी चूक शोधायची तर दोष अख्ख्या गावाच्या सवयीचा आहे.

२३ सप्टेंबर

नेलिदाला ड्रायरचं कळलं. ओल्या केसांनी दारात उभी राहून बरंच बोलली. तुझ्या हाताला यश म्हणून नाहीच, असंही म्हणाली. मी भट्टी झाडायला गेलो. अजून एक पातं आहे.

५ ऑक्टोबर

दुसरं पातं घडतंय! खरंच घडतंय. रोज सकाळी तीन तास, दोन्ही तळहातांना फोड. बास्तेर्राने आपला जुना हाताचा भाता उसना दिला. आज पातं हातात घेऊन एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, बरं आहे. बास्तेर्राचं ‘बरं’ म्हणजे दुसऱ्याचं पदक. घरी येताना उगाच दोन गल्ल्या फिरून आलो.

सासरेबुवा ओसरीवर बसून राखेने काहीतरी घासत होते. त्यांच्या आईच्या डब्यातलं जुनं नाणं, चलनातून केव्हाच बाद झालेलं. चकचकीत करून शर्टाच्या खिशात टाकलं, बटण लावलं. नेलिदाला म्हणालो, बाबांवर जरा लक्ष ठेवायला हवं, डोकं सरकतंय. ती हसू दाबत आत गेली.

१२ ऑक्टोबर

थोडक्यात लिहितो.

पात्याला पाणी द्यायचा दिवस. नेलिदाकडे तेल मागितलं. ती म्हणाली, आधी ड्रायर आण, मग तेल. दुकान कोपऱ्यावर आहे. पण पातं लाल झालं होतं आणि दुकानात सेन्योरा ओल्गा भेटली की अर्धा तास जातो. शेजारी बादली होती. पाण्याची. म्हटलं, व्हिडिओतले जपानी लोक पाणीच वापरतात.

टिंग असा आवाज आला. अगदी बारीक. दगडावर आपटून पाहिलं, मधोमध दोन तुकडे.

पुढचा अर्धा, बोटभर लांबीचा, कोळशाच्या पोत्यामागे टाकला. मागचा ओढ्यात. पोट पार बिघडलंय. सोडा घेतला.

१३ ऑक्टोबर

सासरेबुवांनी जेवताना विचारलं, काय रे, सफाई कुठवर आली? मी म्हणालो, होत आली. त्यांनी मला मोठा तुकडा वाढला. दोनदा सोडा घेतला.

१५ ऑक्टोबर

दाताच्या डॉक्टरकडे जातो असं सांगून बसने तांदिल शहराला गेलो. तिथे चाकूवाल्यांची रांगच आहे. हरणाच्या शिंगाची मूठ, वीतभर म्यान, देखणा चाकू. घेतला.

हे लबाडी म्हणून लिहायचं नाही. भावना माझी, पोलाद दुसऱ्याचं, एवढाच फरक. पात्यावर कारागिराचा छाप होता, तो सँडपेपरने घासून काढला. मग पात्याला राख चोळली, हाताने घडवलेलं दिसावं म्हणून. तो होताच हाताने घडवलेला. फक्त माझ्या हाताने नाही.

घरी आल्यावर नेलिदाने विचारलं, दाताचं काय म्हणाला? मी म्हणालो, उपटला. कुठला, दाखव, म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२० ऑक्टोबर, रविवार

वाढदिवस. वाढदिवसवाल्याने आग पेटवायची नाही म्हणून तुलिओने पेटवली, अख्खं कोळशाचं पोतं रिकामं केलं. पंचवीस माणसं.

भाषण केलं. म्हणालो, बाबा, ही तुमची कातर, चाळीस हंगाम तुमच्या हातात होती, आता पुन्हा तुमच्या हातात. हे वाक्य महिनाभर तयार होतं, बदलायला वेळ मिळाला नाही. सासरेबुवांचे डोळे भरून आले. ते एकदम म्हणाले, शाब्बास एलिसेओ. सगळ्यांसमोर. म्हणाले, मला वाटलं होतं हा काही करायचा नाही. तुलिओचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग त्यांनी आपला दगड मागवला. थुंकी लावून पातं चार वेळा फिरवलं. अंगठ्याने धार बघितली. पुन्हा दोनदा फिरवलं. म्हणाले, लगेच लागली की धार. पहिल्या हाकेला ओ देतो हा. मी म्हणालो, कारागिरी, बाबा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. बटण उघडलं. हात तिथेच थांबला. मग बटण पुन्हा लावलं आणि मांस कापायला लागले. नाणं द्यायचं विसरले बहुतेक. वय.

दिवस यशस्वी. मला एक घासही उतरला नाही.

२१ ऑक्टोबर

नेलिदाने विचारलं, बाबांनी तुला नाणं का नाही दिलं? मी म्हणालो, विसरले. ती म्हणाली, बाबा? पंधरा दिवस खिशात घेऊन फिरताहेत. खिळा रिकामा दिसला त्याच संध्याकाळी मला सांगत आले होते, तिकीटवाला माझ्या कातरीचा चाकू करतोय, तुला काही माहीत नाही असं दाखव. रोज सकाळी तुझा हातोडा ऐकत ओसरीवर बसायचे. फोड आलेत त्याच्या हाताला, म्हणायचे.

सोडा संपला.

२४ ऑक्टोबर

सासरेबुवांच्या खोलीतून चार दिवस खरखर ऐकू येते आहे. नवा चाकू घासत असतील. आवडला असेल तर माणूस घासतो. काल त्यांनी नेलिदाच्या पावाबरोबर ओव्हनमध्ये काहीतरी शेकायला ठेवलं होतं. मी बघितलं नाही. बघायला हवं होतं असंही नाही.

ठरवलं: उद्या सगळं सांगून टाकायचं.

२५ ऑक्टोबर

उद्या नक्की. आज ते मूडमध्ये दिसले नाहीत.

२६ ऑक्टोबर

आज फार मूडमध्ये होते. मोडवला नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

ओसरीवर माते, आमचा कडू काढा, पीत होतो. सासरेबुवा समोर येऊन बसले आणि खिशातून एक इवलासा चाकू काढून संत्रं सोलायला लागले. बोटभर पातं, लाकडी मूठ. मला बघताक्षणी कळलं. कोळशाच्या पोत्यामागचा तो तुकडा; वाढदिवशी पोतं रिकामं झालं तेव्हा त्यांना दिसला असणार.

म्हणाले, फारच कडक झाला होता, ओव्हनमध्ये शेकून कडकपणा उतरवला जरा. पाण्यात बुडवलास ना? मी मान हलवली. बास्तेर्राने सांगितलं होतं ना? पुन्हा मान हलवली. म्हणाले, अर्धा तास घासला बाबा, तेव्हा कुठे ऐकायला लागली. तीच आहे माझी हट्टी बया.

मी म्हणालो, बाबा, तो दुसरा चाकू तांदिलहून... ते म्हणाले, ठाऊक आहे. तू तीस वर्षं लोकांची तिकिटं तपासलीस, मी एक तपासलं.

संत्र्याची साल एका लांब तुकड्यात पडली. चाकू पुसला, खिशाचं बटण उघडलं आणि ते घासलेलं नाणं माझ्या हातावर ठेवलं. मी म्हणालो, नको, हा मी कुठे दिला, हा तर मी लपवला होता. ते म्हणाले, घडवलास ना? मग मूठ मिट.

जेवताना माझ्या ताटाशी तांदिलचा चाकू ठेवलेला होता. म्हणाले, हा तुझा. निदान स्वतःच्या पैशाचा आहे. खा, तिकीटवाल्या.

मांस लोण्यासारखं कापलं गेलं. घशाखाली गेलं नाही. नेलिदाने विचारलं, सोडा आणू का? मी म्हणालो, अपचन नाही गं. लाज वाटते आहे. आठ सप्टेंबरपासून.

ती म्हणाली, मग चावून खा. आणि अर्धं संत्रं माझ्या ताटात ठेवलं.