माझ्या नावाचा बूथ

गुरुजी, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तुमच्या मयतीला मी आले नाही, हे गावानं चांगलं लक्षात ठेवलंय. ज्या पोरीला मास्तरनं सायकलवर बसवून शिकवली, ती शेवटचं तोंड बघायलाही फिरकली नाही, शेवटी जात दाखवलीच, असं कोणी तरी बोललं आणि ते माझ्यापर्यंत बरोबर पोचवलं गेलं. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आज लिहायला बसले, कारण आज सेनगावला तहसीलसमोर माझ्या टेबलाशी आलेल्या एका मुलीवर मी अशी ओरडले की शेजारचा झेरॉक्सवाला मशीन सोडून बाहेर आला.

मी अर्ज लिहून देते, गुरुजी. एक टेबल, एक छत्री, खुर्चीला टेकवलेली कुबडी. उत्पन्नाचा दाखला, निराधारचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, जे लागेल ते. माझा एकच नियम आहे. सही करणाऱ्यानं कागद आधी वाचायचा, वाचता येत नसेल तर मी मोठ्यानं वाचून दाखवते. लोक वैतागतात. हा नियम तुमचा. आठवीत शिष्यवृत्तीच्या कागदावर मी न बघता सही ठोकली, तेव्हा तुम्ही वर्गासमोर माझ्या बोटांवर पट्टी मारली होती. "काय लिहिलंय यात?" "माहीत न्हाई गुरुजी." "मग सही कशी केलीस? उद्या कोणी तुझ्या बापाचं घर लिहून घेईल!" बोटं दोन दिवस दुखली. पण मला तुमचा अभिमानच वाटला. माझ्या बापाचं घर कोणी लिहून घेण्यासारखं आहे, असं मानणारे तुम्ही पहिलेच.

तुमच्या स्वयंपाकघराचंही सांगते. दहावीच्या वर्षी तुम्ही मला वस्तीवरून सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी आणायचात आणि मागच्या दारी, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसवून गणित शिकवायचात. काकू आतून चहा द्यायच्या, कान तुटलेल्या कपात. तो कप वळचणीला एका खिळ्याशेजारी ठेवलेला असायचा, मीच तो घ्यायचा, मीच विसळायचा. "तुला उंबरा ओलांडायला त्रास होतो, पायाचं जपायला पाहिजे, तू आपली इथंच बस," असं काकू म्हणायच्या, आणि मला केवढं भरून यायचं! माझ्या पायाची एवढी काळजी तर आईलासुद्धा नव्हती. मग एकदा माझा धाकटा भाऊ सोबत आला. दोन्ही पाय धड, वानरासारखा उड्या मारणारा. काकूंनी त्यालाही पायरीवरच बसवलं, आणि त्याच कपात, माझा झाल्यावर, त्याला चहा दिला. मी बीजगणिताच्या वहीत डोकं घातलं. मला सगळं कळलं होतं, गुरुजी, आणि तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या पायरीवर बसले, कारण परीक्षा महिन्यावर होती. आज आठवलं की त्या चहाची चव तोंडात येते आणि थुंकावंसं वाटतं.

पास झाले. बारावीही झाले. आणि मग अठरा पूर्ण झाली. पोरगी अठराची झाली की घरचे तिच्या लग्नाचं बघतात, नाही तर पुढच्या शिक्षणाचं. माझं काहीच बघायचं नव्हतं. शाळा होती तोवर मी सगळ्यांची लाडकी. सव्वीस जानेवारीला स्टेजवर चढवून वह्या द्यायचे, टाळ्या वाजायच्या. अठराव्या वर्षी टाळ्या एकदम बंद. जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकुनानं माझे दोन दाखले शेजारी ठेवले, एक जातीचा, एक पायाचा, आणि हसला. "एका माणसाला दोन ताटं कशी वाढायची? कोणत्या रांगेत बसायचं ते ठरवून ये." आमच्या वस्तीतले पुढारी त्याहून सरस. वसतिगृहासाठी, कर्जासाठी पोरांच्या याद्या करून राहिले होते, तिथं मी गेले, तर म्हणाले, "ताई, आधी धडधाकट पोरायचं तर होऊ द्या." अपंगांच्या रांगेत मी खालची आणि खालच्यांच्या रांगेत लंगडी. दोन्हीकडची तोंडं गोड होती, हे विशेष.

तेव्हा तुम्ही बोलावून फोनच्या बूथची बातमी दिलीत. अपंगांना प्राधान्य आहे, कनेरगाव नाक्यावर जागा आहे, अर्ज करूया. मी पंधरा दिवस झोपेतही नंबर फिरवत होते. काचेची खोली, पिवळी पाटी, मीटरची टिकटिक, आणि खुर्चीत मी. ट्रकवाले, ढाब्यावरची माणसं येऊन म्हणणार, मॅडम, जरा नांदेड लावून द्या. खुर्ची लाकडी असेल म्हणून मी आईच्या जुन्या लुगड्याची गादीसुद्धा शिवून ठेवली.

मंजुरीनंतर एका दुपारी तुम्ही आमच्या घरी आलात. एरवी सायकल वस्तीच्या तोंडाशीच थांबायची, आत पहिल्यांदाच. बाबांनी हात जोडून जयभीम घातला, तुम्ही नेहमीसारखं "नमस्कार, नमस्कार" म्हणालात. आईनं घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्यात पाणी आणलं. "आत्ताच पिऊन निघालो." मग खिशातून कागद काढलात. "रोज नाक्यावर जाणं तुला जमायचं आहे का? शिवाय तिथं कोण बसलंय हे लोक बघतात गं. त्यापेक्षा माझा पुतण्या चालवेल. नाव तुझंच राहील. कर सही, ऑफिस बंद होईल. मी आहे ना." बोट ठेवलंत. मी सही केली. बाबा तुमच्या पाया पडले.

नाव राहिलं, खरं आहे. वर्षभरानं जीपमधून जाताना नाक्यावर उतरले. पाटीवर माझं नाव होतं, खाली बारीक अक्षरांत "अपंग". तुमचा पुतण्या खुर्चीत बसून शेंगा खात होता. मी दाराशी कुबडी टेकून उभी राहिले, तर त्यानं मान वरही केली नाही. "पुढं व्हा बाई, पुढं." भिकाऱ्याला म्हणतात तसं. माझ्याच नावाच्या पाटीखालून मी पुढं झाले.

तुम्ही मात्र दर दिवाळीला साडी पाठवत राहिलात. आई ती नेसायची आणि मिरवायची. "लई भला मानूस हाय. तुझ्यासाठी किती तकलीफ घेतली." मला त्या साडीची, त्या भलेपणाची किळस यायची. चोर असतात तर सोपं झालं असतं. चोराच्या सायकलवर मी वर्षभर बसले नसते.

पुढं घरात कळलं की बूथ आपला राहिलाच नाही, तेव्हा मी सांगितलं की घाईत कागद वाचलाच नाही. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "गुरुजी व्हते म्हनून भरोसा ठेवला. त्यात तुझी काय चूक, लेकरा?" मोबाइल आले, बूथ गेला, पाटीही गेली. ती गोष्ट मात्र मी इतकी वर्षं सगळ्यांना तशीच सांगते.

आजची मुलगी एकोणीसची असेल. आमच्याच समाजाची, जन्मापासून उजवा हात अधू. तिच्यासोबत गावातले एक मालक. अपंगांच्या योजनेतली पिठाची गिरणी तिच्या नावावर, चालवणार मालकांचा मुलगा, असं संमतीपत्र. मालक तंबाखू थुंकायला बाजूला गेले तेव्हा मी कागद तिच्यापुढं सरकवला. "वाच आधी." ती म्हणाली, "वाचलं मॅडम. समदं वाचलं." तिथं माझा तोल गेला. "मग सही काहून करून राहिली? अक्कल गहाण टाकली काय?" ती घाबरली नाही, रडली नाही. हळूच म्हणाली, "बाबा त्यायच्याकडं सालावर हायेत. न्हाई कसं म्हनायचं, ते तुमी सांगा." तिनं डाव्या हातानं, सावकाश, वळणदार सही केली आणि मालकांच्या मागं निघून गेली.

तुमच्यावरचा राग घेऊन बसले होते, गुरुजी, आणि तो कमी झालेला नाही. पण आजची खरी किळस तुमची नाही. हे पत्र धाडायला पत्ता नाही, घडी करून त्याच गादीच्या खोळीत सारणार आहे. अजून त्याच गादीवर बसते मी. तुम्ही कागदावर बोट ठेवलंत ना, त्याच्या वर तिसऱ्या ओळीत तुमच्या पुतण्याचं नाव होतं, आणि पुढं "सर्व अधिकार कायमचे". तुमची पट्टी मी विसरले नव्हते. मी वाचलं होतं.