डावा हात

२१ फेब्रुवारी, दुपार

चि. सौ. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत, असं वर लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खालचं वाचून झाल्यावर तू ते खोडलंस तरी माझी हरकत नाही.

तुझं पत्र पोचलं. नव्या दुकानाला मोठी काच बसवलीत, पाटी रंगवून घेतलीत, भावजी दिवसभर उभे राहून कापडं कापतात, सगळं वाचलं. आनंद झाला, असंही लिहायची रीत आहे. शेवटी तू लिहिलंयस, ‘जाऊबाई, आता थोडी विश्रांती घेत जा.’ घेते हो. आपलं दुकान बंदच आहे, तेव्हा विश्रांतीला तोटा नाही. हे पत्रसुद्धा कापडं कापायच्या लांब टेबलावर बसून लिहिते आहे. शिलाईची मशिनं चादरी घालून ठेवली आहेत. हे आत झोपलेत. हाक ऐकू यावी म्हणून मधलं दार उघडं ठेवलंय.

बाकी गल्लीत नवं काही नाही. न्हाव्याच्या मांजरीला पुन्हा पिल्लं झाली. समोरच्या चष्मेवाल्याने शेजारचा गाळा घेतला आणि त्याच्या बोलण्यालाही आता दोन दारं झाली आहेत. परवा मला थांबवून म्हणाला, “तुमचा धाकटा दीर अगदी ठणठणीत झाला म्हणे! कमाल आहे. आणि थोरल्याचं तर किरकोळच होतं ना?”

किरकोळ! उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्याला तरी काय बोलू? आपणही तेच म्हणत होतो.

भावजींच्या डोक्यात शीर फुटली तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांनी आपल्याला जिन्याखाली उभं करून सांगितलं होतं, ‘कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.’ तू माझा दंड इतका घट्ट धरलास की वळ उठले होते. पण भावजी वाचले. वाचले म्हणजे काय, घरी एक ओंडका आला. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. तुला सातवा महिना होता, तुला जड उचलायचं नव्हतं, म्हणून ह्यांनी उचललं. कुशीवर वळवायचे, पुसायचे, चमच्याने भरवायचे. दुपारी दुकानातून बटणं आणून त्यांच्या पुढ्यात टाकायचे आणि म्हणायचे, ‘बोल, बटण. बोल, दोरा.’ भावजी चिडून बटणं उधळायचे. हे गुडघ्यावर बसून एकेक बटण गोळा करायचे आणि पुन्हा म्हणायचे, ‘बोल, बटण.’

वाचा हळूहळू आली, पायही आला, पण उजवा हात काही परत आला नाही. शिवणाऱ्या माणसाचा उजवा हात गेला म्हणजे संपलंच की. पण ह्यांनी डावखुऱ्यांची कात्री बनवून आणली आणि शिवणाऱ्या भावाचा कापणारा केला. स्वतःची विद्या, जी बापाने ह्यांना मार देऊन शिकवली होती, ती ह्यांनी भावजींना लाडाने शिकवली. तू हे सगळं पाहिलंयस. तरी लिहिते. पाहिलेलं माणूस विसरतं, असा मला अनुभव आहे.

पुढे ह्यांची पाळी आली. सकाळी चहाचा कप हातातून पडला. दवाखान्यात म्हणाले, गुठळी आहे, लहान आहे, वेळेवर आणलंत. चार दिवसांत हे स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी आले. लोकांनी माझ्याशी हात मिळवून अभिनंदन केलं. मीही हसत होते, वेड्यासारखी.

मग हे अर्धीच दाढी करायला लागले. ताटातलं उजवीकडचं जेवायचे आणि मला म्हणायचे, “आज इतकंच वाढलंस?” मी ताट अर्धं फिरवून द्यायची, की उरलेलं सापडायचं. मला वाटायचं, वय झालं, लक्ष नसतं. आपल्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही, की ह्यांच्यासाठी डावीकडचं जगच संपलंय. डोळे धड होते. मेंदू तिकडे बघायचंच विसरला होता.

बँडवाल्यांचे लाल कोट आठवतात ना? त्या कापडाचा पन्हा अरुंद होता, दुमडून कापता येईना, म्हणून एकेक भाग सुटा कापायचा होता. ह्यांनी सगळ्या कोटांचे उजवेच पुढचे भाग कापले. दोन-दोन उजवे. डावा एकही नाही. आणि कापडाला तकाकी एकाच बाजूला, त्यामुळे उलटवून वापरायचीही सोय नाही. बँडमास्तर समोर उभा, आणि भावजी ह्यांच्या हातातून कात्री काढून घेत म्हणाले, “दादा, तू बाजूला बस. तुला आता जमायचं नाही.”

भावजींचं चुकलं असं मी म्हणत नाही. कापड वाया गेलंच होतं. पण बटणं उधळणाऱ्याला जो कधी ‘जमायचं नाही’ म्हणाला नाही, त्याला हे गिऱ्हाइकासमोर ऐकावं लागलं. हे जे बाजूला बसले ते बसलेच. पुढच्याच महिन्यात तुम्ही गाव बदललंत. जाताना ती कात्रीही सामानात गेली. डावखुरी नव्हे, ती भावजींचीच आहे. ह्यांची, बापाकडून आलेली मोठी.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. मागच्या महिन्यात ह्यांना दुसरा झटका आला.

तुला कळवलं नाही, कारण मला वाटलं तुला माहीत आहे. मी दवाखान्यातूनच भावजींना फोन केला होता. त्यांनी तुला सांगितलं नसावं, नाहीतर तुझ्या पत्रात विश्रांतीच्या आधी ह्यांची चौकशी आली असती. भावजींनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वहिनी, मला दादाला तसं बघवणार नाही.”

बघवणार नाही! चिमणे, ह्यांना बघवलं होतं गं. लाळ पुसताना बघवलं होतं, चादरी बदलताना बघवलं होतं.

मी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, दोघा भावांत मोठं दुखणं कोणाचं? म्हणाल्या, शीर फुटली की पहिले महिने फार वाईट, पुष्कळ जण त्यातच जातात. पण जो तग धरतो तो कधीकधी खूप वर येतो. गुठळीचं सुरुवातीला हलकं वाटतं, पण पुन्हा येण्याची टांगती तलवार राहते, आणि काही बारके झटके तर न कळत येऊन जातात, माणूस पायरी पायरीने उतरत जातो. प्रत्येकाचं तसंच होतं असं नाही, असंही त्या म्हणाल्या. चांगल्या आहेत. पण मी जिना उतरताना मनात भावजींनाच शिव्या देत होते. ते जिवंत राहिले म्हणून नव्हे. ते वर चढले आणि वरून खाली बघायला त्यांना धीर होईना, म्हणून. तुझी काच, तुझी पाटी, सगळ्याचा मला राग येतो. येतो तो येतो. मनात ठेवून उगाच गोड कशाला लिहू?

आता हाताचं ऐक. या वेळी ह्यांचा डावा हात पूर्ण गेला, आणि तो आपला आहे हेच ह्यांना पटत नाही. शुद्धीवर आहेत, मला ओळखतात, चष्मेवाल्याची टिंगलसुद्धा करतात. पण हाताकडे बोट दाखवून विचारलं की शांतपणे सांगतात, “हा धाकट्याचा हात आहे. त्याचा गेला होता ना, तो इथे राहिलाय. तो येईल न्यायला.”

भावजींचा गेला तो उजवा, म्हणून पहिल्यांदा मला हसू आलं. आता येत नाही. कारण हे तो हात कोणाला लावू देत नाहीत. व्यायाम शिकवायला मुलगी येते, तिला ढकलून देतात. मला म्हणतात, “त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये.” मूठ आवळत चालली आहे. नखं वाढून तळव्यात रुतली आहेत, जखम झाली आहे, वास येतो. हे झोपेत असताना मी मूठ उघडायला गेले तर जागे होऊन लहान मुलासारखे ओरडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चिघळलं तर नसतं संकट ओढवेल, आणि आवळलेला हात मग कधीच उघडायचा नाही. सगळे उपाय पालथ्या घड्यावर पाणी.

काल मात्र हे स्वतःहून म्हणाले, “धाकटा आला की त्याला सांग, मी नीट सांभाळलाय.”

म्हणून येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी ह्यांना घेऊन तुमच्याकडे येते आहे. येऊ का, असं विचारत नाही. भावजींनी फक्त ह्यांच्यासमोर बसायचं आणि म्हणायचं, ‘दादा, माझा हात आहे, मी धुतो.’ मग हे उघडू देतील. त्यांचंच ऐकतील, दुसऱ्या कोणाचं नाही. रोज उघडावी लागेल ती मूठ, रोज धुवावी लागेल, तेव्हा आम्ही राहायलाच येतो आहोत असं समज. बघवणार नसेल तर भावजींनी डोळे मिटून धुवावा. पण धुवावा.

बाळाला माझा पापा. रविवारी दुकानाच्या काचेवर पडदा असेल तर ओढून घे, ह्यांना गिऱ्हाइकांसमोर नको वाटतं.

आणि भावजींना सांग, आधी नखं कापायची आहेत. कात्री त्यांच्याकडेच आहे.

तू मानशील तोवर तुझी,
थोरली जाऊ