तीस सेकंदांची निगेटिव्ह

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा इमारतींची छायाचित्रे काढणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मनाने लिहीत आहे. गुडघे गेले, डोके जागेवर आहे. डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी एक गोष्ट लपवली होती.

कलम १. राहते घर, खालचा स्टुडिओ व डार्करूम माझ्या भाचीला मिळावी. पत्नी गेल्यापासून तिनेच माझे सगळे केले. डार्करूमची भिंत तिने खुशाल पाडावी. त्या खोलीत मला पाठीमागे कोणी उभे असल्याचे भासते. तिला भासू नये.

कलम २. मोठा लाकडी कॅमेरा, तिवई व तिन्ही लेन्स छायाचित्रणाच्या शाळेला. वापराव्यात, कपाटात मांडू नयेत.

कलम ३. आर्किटेक्टसाहेबांनी भेट दिलेली खुर्ची त्यांच्या ऑफिसला परत करावी. दिसायला देखणी, पाठीला वैरीण. त्यांच्या इमारती मी तीस वर्षे टिपल्या: उघडे काँक्रीट, सपाट छपरे, भिंतभर खिडक्या. त्यांचा एकच हट्ट: "फोटोत माणूस नको. माणूस आला की इमारत बुटकी दिसते." तो हट्ट मी माझाच करून घेतला.

कलम ४. साहेबांच्या नव्या वाचनालयाच्या जिन्याला तेव्हा अजून कठडा बसला नव्हता. कामगारांनी कडेला दोर बांधला होता. फोटोत दोर नको, म्हणून सकाळी तो मी स्वतः सोडला. आत उजेड कमी, शटर तीस सेकंद उघडे ठेवायचे होते. मोजणी सुरू झाली आणि झाडलोट करणारी बाई बादली घेऊन वरच्या वळणावर आली. कॅमेरा बघून थबकली. वाटले, जाईल. पंधरापर्यंत वाट पाहिली, मग ओरडलो, "बाई, बाजूला व्हा!"

ती लगबगीने मागे सरकली. मागे दोर नव्हता.

मी तीस पूर्ण मोजले. शटर मिटले. मग धावलो.

साहेब म्हणाले, "दोर कोणी सोडला, हे कुणाला कळायचं कारण नाही." चौकशीत लिहिले गेले: स्वतःच्या बेसावधपणामुळे पडून मृत्यू. छायाचित्र गाजले, वाचनालयातही लागले. निगेटिव्हवर ती उमटली होती. अंगातून पायऱ्या आरपार दिसतात, चेहरा मात्र स्वच्छ. प्रत्येक प्रतीवरून मी तिला ब्रशने मिटवत गेलो. पत्नीने एकदा न मिटवलेली प्रत पाहिली. "ही कोण हो?" मी म्हटले, "डाग आहे." ती पुन्हा डार्करूममध्ये आली नाही.

दोन वर्षांनी त्या बाईची मुलगी स्टुडिओत आली. "आईचा एकही फोटो नाही आमच्याकडे. सगळे म्हणतात, ती वेंधळी होती. तुमच्या फोटोत कुठे आली असेल का हो?"

"नाही," मी म्हटले.

"बरं," म्हणाली आणि गेली.

ती निगेटिव्ह, न मिटवलेली प्रत व बँकेतील शिल्लक माझ्या पश्चात या मुलीला द्यावी, आणि हे कलम वाचून दाखवावे.

पुरवणी. काल शेजारचे मास्तर साक्षीला आले. वाचून चष्मा काढला. "मेल्यावर सांगून कुणाचं भलं करताय? तिचं की तुमचं?" सही न करताच उठले.

आज सकाळी मी निगेटिव्ह व प्रत पाकिटात घालून त्या मुलीच्या घरी गेलो. मुलगी आता पन्नाशीची, घरी शिवणकाम करते. दारातच उभ्याने सगळे सांगितले. तिने प्रत खिडकीशी नेली.

"आई माझ्यापेक्षा लहान आहे," म्हणाली. मग, "तुम्ही ओरडलात तेव्हा ती तुमच्याकडे बघत होती?"

"हो."

"म्हणजे वेंधळी नव्हती. सांगितलं ते ऐकलं तिने."

बस म्हणाली नाही, जा असेही म्हणाली नाही. शिल्लक नाकारली, ती भाचीला जावी. तिने एवढेच मागितले, की वाचनालयातला फोटो काढून तिथे हा लावावा, खाली आईचे नाव लिहावे आणि दोर कोणी सोडला तेही. सोमवारी मी स्वतः जाऊन हे करणार आहे. त्याआधी मला काही झाल्यास भाचीने करावे.

ठिकाण: राहते घर. दिनांक: सतरा ऑक्टोबर.

सही: मृत्युपत्र करणारा.

साक्षीदार:
१. शेजारचे मास्तर (पुरवणी वाचून आज सही केली)
२. तपासणारे डॉक्टर