शेऱ्याचा रकाना

अण्णा, तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली आणि आज दुपारी त्या दवाखान्यातून फोन आला. कंपवाताच्या ज्या पेशंटच्या मेंदूत तारा बसवल्या, ते नंतर किती सुखात आहेत हे मोजणारी तीच मुलगी. आवाज अजून तसाच गोड. म्हणाली, तुमच्या वडिलांचा निकाल आमच्याकडच्या फार चांगल्यांपैकी होता, नव्या पेशंटच्या घरच्यांशी दोन शब्द बोलाल का? मी मीटिंगमध्ये आहे असं सांगून फोन ठेवला. मीटिंग कसली, चाकणला कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खात होते. डबा तसाच बंद केला.

ऑपरेशननंतर, त्या तारांना जोडलेल्या छातीतल्या यंत्रासाठी डॉक्टरांनी रिमोट दिला होता. एक नंबरवर ठेवलं की हाताची थरथर थांबायची, पण जीभ जड व्हायची. दोन नंबरवर बोलणं स्वच्छ, पण हात हलायचा. दोन्ही एकदम साधायचा त्यांनी खूप प्रयत्न केला, नाही साधलं. घरी वापरून बघा आणि पेशंटला काय बरं वाटतं ते ठरवा, म्हणाले. ठरवलं मी. रिमोट माझ्या पर्समध्ये राहिला, का तर तुम्ही भलतंच बटण दाबाल.

आई तोवर गेलेली. पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये तुमचे दिवसाला तीन-तीन शर्ट मीच धुवत होते, वरणाचे डाग, चहाचे डाग. एक नंबरवर तुम्ही पहिल्यांदा न सांडता चहा प्यायलात तेव्हा मला रडू आलं, आणि ते रडू खरं होतं. राजगुरुनगरहून आत्या आली. तिने तुमचा हात हातात घेऊन बघितला आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, पोरीनं बापाचे पांग फेडले. मला ते फार गोड लागलं. तुमच्या आवाजापेक्षा मला कोरडा शर्ट प्यारा झाला.

तो आवाज तुम्हाला काय होता हे मला माहीत नव्हतं असंही नाही. दर रविवारी विहारात बुद्धवंदना तुम्ही सांगायचात आणि सगळे तुमच्या मागून म्हणायचे. एक नंबरवर गेल्यानंतरच्या दुसऱ्याच रविवारी तुम्ही सुरुवात केलीत आणि लोकांना मागून म्हणता येईना. शेवटी पुढच्या रांगेतल्या एकाने हळूच वंदना आपल्याकडे घेतली. तुम्ही उठून मागे भिंतीपाशी जाऊन बसलात, आणि परत कधी तिकडे गेला नाहीत. घरी मात्र रोज सकाळी माझ्या पर्सकडे बघून एकच शब्द म्हणायचात. मी विचारायचे, काय अण्णा, पाणी हवंय का? आणि पाणी आणून द्यायचे.

मग ती मुलगी फॉर्म घेऊन घरी आली. तुम्हाला बोलायला वेळ लागतो म्हणून तिने पेन माझ्या हातात दिलं आणि स्वतः फोन घ्यायला गॅलरीत गेली. कपडे घालता येतात का, चारचौघांत लाज वाटते का, एकटं वाटतं का. मी मान वर न करता खुणा करत गेले. घरच्यांना तुमचं बोलणं कळत नाही असं कितीदा होतं? 'कधीच नाही'वर खूण केली. तुम्ही समोर बसून माझ्या हाताकडे बघत होतात.

ती नजर माझ्या ओळखीची होती. डिप्लोमानंतर मी तुमच्याच कंपनीत शिकाऊ म्हणून लागले, तुम्ही तपासणी खात्यात होतात. गाडीच्या वीस बुशांची, म्हणजे छोट्या धातूच्या नळ्यांची, मापं लिहायची होती. मी पाच मोजली आणि पंधरा अंदाजाने भरली. तुम्ही तो कागद सगळ्या शिफ्टसमोर फाडलात.

"तुकडा हातात घेतल्याबिगर माप लिहायचं न्हाई. लिहिणाऱ्याचं काय जात न्हाई, गाडीत बसणाऱ्याचं जातं."

महिनाभर मी तुमच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर तो राग अजून आहे, अण्णा. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. रिमोट आत ठेवून पर्सची चेन लावताना त्यातला थोडा राग माझ्या हातात होताच.

त्या दिवशी माझ्या खुणा करून झाल्या, तोच तुम्ही फॉर्म ओढून घेतलात. खाली शेऱ्याचा रकाना होता. एक नंबरवरच्या त्या स्थिर हाताने, कंपनीत लिहायचात तशा सरळ अक्षरात तुम्ही लिहिलंत: माप घेतलेले नाही. पुन्हा तपासा. आणि खाली सही केलीत. मुलगी आत आली तेव्हा मी कागद उशीखाली सरकवला आणि म्हणाले, माझ्या हातून चहा सांडला, दुसरा फॉर्म द्या. तुमच्यादेखत म्हणाले. तुम्ही तोंड उघडलंत, पण तिला काही कळलं नाही. दुसरा फॉर्म मी पाच मिनिटांत भरून दिला. फार चांगला निकाल म्हणतात तो हा.

तुमच्या सहीचा कागद माझ्याकडे आहे. डबा बंद करताना ठरवलं होतं, उद्या तो तिला नेऊन द्यायचा. आता एवढं लिहून झाल्यावर ती हिंमत राहिलेली नाही, आणि हे पत्रसुद्धा त्याच कागदाच्या घडीत जाईल. त्या फॉर्मवरचं एक उत्तर मात्र खरं होतं. तुमचं बोलणं मला कळलं नाही असं कधीच झालं नाही. रोज सकाळी तुम्ही "दोन" म्हणायचात, आणि मला ते पहिल्या खेपेलाच कळायचं.