सत्रियोच्या रविवारांची सोय

बिस्मिल्ला.

मी सुमर्नी, मरहूम कास्दी यांची बायको, वय वर्षे त्रेसष्ट, चहा-कॉफीचे वारुंग, म्हणजे छोटी टपरी, चालवणारी, राहणार सुंबेर्जो, जिल्हा ब्लितार, पूर्व जावा, आज माझी बुद्धी ठिकाणावर असताना, कोणी शिकवले म्हणून नव्हे आणि कोणाच्या भीतीनेही नव्हे, माझ्या मर्जीने हे लिहून ठेवीत आहे. शरीराबद्दल मात्र तसे म्हणवत नाही. ब्लितारच्या डॉक्टरांनी मला मालांगला पाठवले आणि मालांगच्या डॉक्टरांनी घरी पाठवले. पोटातले दुखणे आता औषधाला जुमानत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. करावे असे माझ्याकडे काही आहे हेच मला ठाऊक नव्हते.

नोटरी बाई एंदांग यांनी बजावले आहे की भावना कमी लिहा आणि मिळकत जास्त. मी प्रयत्न करीत आहे.

एक. मला कास्दींच्या शेजारी पुरावे. जेवण साधे घालावे. भात, सोयाबीनचे तेंपे, आणि झेपलेच तर कोंबडी. बोलावणे सगळ्यांना जावे. जे हल्ली माझ्या दारावरून मान खाली घालून जातात त्यांनाही.

दोन. राहते घर, मागची पडवी आणि नारळाची झाडे माझी मुलगी रेत्नो आणि मुलगा सत्रियो यांना धर्माच्या नियमाप्रमाणे मिळावीत. मशिदीचे इमाम मुनाविर, ज्यांना सगळे मानाने पाक म्हणतात, त्यांनी समजावून सांगितले की वारसांचे हिस्से मला बदलता येत नाहीत, फक्त एकतृतीयांश मिळकतीवर माझा हुकूम चालतो. तो हुकूम कलम सहामध्ये आहे. रेत्नो हाँगकाँगला परक्यांच्या घरी म्हातारी माणसे सांभाळते. करार संपला की परत येऊन भावाला सांभाळीन, असे तिने कबूल केले आहे. त्याचे खाणे, अंघोळ, औषध यांची मला काळजी नाही. रेत्नोचे हात चांगले आहेत. मला काळजी आहे ती त्याच्या रविवारांची, आणि हे मृत्युपत्र मी त्यासाठीच करीत आहे.

तीन. सत्रियो कोण होता हे लिहिणे भाग आहे, कारण ज्यांनी त्याला खुर्चीतच पाहिले त्यांना वाटते की तो जन्मापासून असाच आहे. तो मोटरसायकल चालवायचा. कास्दींच्या गॅरेजमध्ये वाढला, छोट्या गाडीचे इंजिन स्वतः उघडून बसवायचा आणि गावोगावी मैदानांवर किंवा रस्ते अडवून ज्या शर्यती होतात त्यांत पहिल्या तिघांत यायचा. एका शर्यतीत पुढचा पडला, हा त्याच्यावर गेला आणि डोके कठड्यावर आपटले. हेल्मेट शाबूत राहिले. ते हेल्मेट पडवीत टांगलेले आहे. ते रेत्नोने मला विचारल्याशिवाय टाकून द्यावे, म्हणजे मी गेल्यावर.

त्यानंतर तो बोलत नाही. भरवले तर खातो. कास्दी त्याच वर्षी खचले आणि गेले. मी गॅरेज विकून समोर वारुंग टाकले, भिंतीवर टीव्ही लावला आणि रविवारी मोटरसायकलींची मोठी शर्यत असली की अख्खी गल्ली माझ्या बाकांवर बसू लागली. टीव्ही फुकट, शर्यत फुकट, कॉफीचे तेवढे पैसे. सत्रियोची खुर्ची सगळ्यांत पुढे. सुरुवातीला मला वाटायचे, शर्यत दाखवून आपण त्याच्या जखमेवर मीठ चोळतो आहोत. पण भातगिरणीवाला जुमादी टीव्हीतल्या स्वारावर मागून ओरडला, "आत घे! आत घे! अरे आत घे ना गाढवा!" तेव्हा सत्रियो कलला. वळणाबरोबर डावीकडे. मग उजवीकडे. बाकांवरची माणसे टीव्ही सोडून त्याच्याकडे बघू लागली. आणि एकदा शेवटच्या फेरीत सगळे बाकांवर उभे राहून बोंबलत होते, तेव्हा तो म्हणाला, "मक, बघ!"

मक म्हणजे आई, म्हणजे मी. अपघातानंतर त्याने मला मारलेली ती पहिली हाक. आणि आजवरची शेवटची.

चार. मग एका हंगामाअखेर बातमी आली की पुढच्या वर्षापासून शर्यती नेहमीच्या वाहिनीवर दिसणार नाहीत, पैसे भरून फोनवर बघाव्या लागतील. त्या दिवशी माझ्या वारुंगात जे भांडण झाले तसे निवडणुकीतही झाले नव्हते.

जुमादी म्हणाला, "गाड्या आपण घ्यायच्या, टायर आपण घ्यायचे, तेल आपण घ्यायचं. त्यावर ह्यांच्या शर्यती चालतात. आणि वर बघायचेही पैसे आपणच द्यायचे?"

मोबाइल दुकानवाला वितोनो हसला. "फुकट होतं तेव्हा कुठे धड दिसत होतं, पाक? ऐन वळणावर शॅम्पूची जाहिरात. मागच्या वेळी कोण पडलं ते आपल्याला दुसऱ्या दिवशी कळलं. महिन्याला दोन सिगारेटची पाकिटं कमी ओढा, झालं!"

"सिगारेट निदान धूर तरी देते! आज तू पैसे भर, उद्या ते दुप्पट मागतील. तू दुकानदार आहेस, तुला पैसे घेणारेच जवळचे वाटणार."

"आणि तुम्ही गिरणीत भात फुकट कांडून देता वाटतं?"

मी मध्ये पडले. म्हटले, सगळ्यांनी मिळून एकच वर्गणी भरू आणि इथेच लावू. वितोनोने नकारार्थी मान हलवली. गल्लीत मला सगळे मानाने बु म्हणतात. "तसं चालत नाही, बु. घरची वर्गणी दुकानात लावली तर नोटीस येते. बाजाराजवळच्या भाताच्या गाडीवाल्याला आली. दुकानासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो, आणि तो आपल्याला झेपायचा नाही."

तेव्हा जुमादी टेबलावर हात आपटून म्हणाला, "कोणीच भरायचे नाहीत. कोणीच! एक हंगाम अख्ख्या जावाने पाठ फिरवली तर झक मारत फुकट करतील." सगळ्यांनी शपथ घेतली. वितोनोनेही घेतली, तोंड वाकडे करून.

पहिल्या रविवारी सगळे आले. टीव्हीवर कोणता तरी गाण्याचा कार्यक्रम. एकाने फोनवर निकाल वाचून दाखवला. कोणी ओरडले नाही. निकालावर काय ओरडणार? दुसऱ्या रविवारी निम्मे आले. पावसाळा संपला तोवर कोणीच येईनासे झाले. बाक मी रोज पुसत होते.

पाच. या कलमात जुमादीचा हिशेब आहे. तो वाचेल हे मला माहीत आहे, आणि वाचावा अशीच इच्छा आहे.

जपानातली शर्यत होती, म्हणजे आपल्याकडे दुपार. मी सत्रियोला आरोग्य केंद्रातून ढकलत घरी आणत होते. जुमादीच्या घराची खिडकी बंद, पडदा ओढलेला, आणि आतून इंजिनाचा आवाज. सत्रियोची मान वर आली. कित्येक महिन्यांनी आली. त्याने चाकाला हात घातला आणि खुर्ची त्या भिंतीकडे वळवू लागला, स्वतःच्या हाताने. मी दार ठोठावले. आवाज एकदम बंद झाला. जुमादीची बायको दार किलकिले करून म्हणाली, "ते घरी नाहीत, बु."

"मला जुमादी नको. आवाज तेवढा पुन्हा लाव. आम्ही बाहेरच उभे राहतो."

तिने दार लावून घेतले. आत शांतता. आम्ही उन्हात तसेच उभे राहिलो. सत्रियो भिंतीला हात लावून बसला होता. मग त्याची मान खाली गेली.

जुमादी, शपथ तू मोडलीस याचा मला राग नाही. सगळ्यांनीच मोडली. वितोनोने माझ्याच समोरच्या घरात पहिल्या महिन्यात मोडली. आवाज बंद केलास, त्याचा राग आहे.

दुसऱ्याच दिवशी मी वितोनोकडून फोन घेतला आणि वर्गणी भरली. पुढच्या रविवारी सत्रियोसमोर फोन धरला. चित्र टीव्हीपेक्षा स्वच्छ, मध्ये एकही जाहिरात नाही. तो माझ्या अंगठ्याकडे बघत बसला. मी फोन टीव्हीच्या मोठ्या पडद्याला जोडून घेतला, तरी तेच. मग मी एकटीने ओरडून बघितले, "आत घे! आत घे!" शेजारच्या कोंबड्या उडाल्या. तो हलला नाही. तेव्हा मला कळले की त्याला शर्यत नको होती. त्याला मागे बसलेली माणसे हवी होती.

सहा. म्हणून माझ्या अखत्यारीतल्या एकतृतीयांशाची व्यवस्था अशी: समोरचे वारुंग, त्यातले बाक, चूल, भांडी, टीव्ही आणि पतपेढीतली माझी शिल्लक ही सर्व वितोनो यास मिळावीत. अट एकच. शिलकीतून त्याने दुकानाचा परवाना काढावा आणि शर्यतीच्या प्रत्येक रविवारी दार उघडे ठेवून, माणसे जमवून शर्यत दाखवावी. सत्रियोची खुर्ची सगळ्यांत पुढे असावी. परवाना चालू आहे की नाही हे पाक मुनाविर यांनी बघावे, आणि अट मोडल्यास वारुंग त्याच्याकडून काढून मशिदीला द्यावे.

वितोनोने हे मान्य केले आहे, पण मला खोटी आशा लावली नाही. तो म्हणाला, "बु, परवाना काढतो. टीव्ही लावतो. पण माणसं कुठून आणू? प्रत्येकाच्या हातात आता आपापली शर्यत आहे. सवय मोडली लोकांची."

रेत्नोला फोनवर हे कलम वाचून दाखवले तेव्हा ती रडली आणि मग चिडली. "मक, तू माणसं विकत घ्यायला निघालीस!"

"हो, निघाले. सगळंच विकत झालंय, मग माणसं का नाही?"

"त्याला काय कळतंय, मक? मी त्याला न्हाऊ घालीन, जेवू घालीन, मी आहे ना."

"तू आहेस. पण तू कधी ओरडत नाहीस."

जुमादीला माझ्या मिळकतीतले काहीही देऊ नये. त्याला फक्त विनंती आहे. सत्रियो त्याच्याच आवाजावर कलायचा. इतर सगळे ओरडून जे होत नव्हते ते याच्या एका हाकेने व्हायचे. गेल्या आठवड्यात मी काठी टेकत गिरणीवर गेले. कोंड्याची धूळ, पट्ट्याचा खडखडाट. त्याने यंत्र बंद केले आणि मला पोत्यावर बसवले.

"रविवारी येत जा," मी म्हणाले. "मी असेपर्यंत नाही आलास तरी चालेल. मी गेल्यावर ये."

त्याने हात पुसले. "बु, खोटं कशाला सांगू? मला आता ओरडता येत नाही. घरी एकटाच बघतो, आवाज बारीक करून, बायको बाजूला झोपलेली असते. कोण जिंकलं, कोण पडलं, काही वाटत नाही. आलो तर नाटक करावं लागेल."

"मग कर नाटक."

"तो ओळखेल."

"ओळखू दे. ओळखायला तरी मान वर करेल."

त्याने यंत्र पुन्हा सुरू केले. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याचे ओठ हलत होते, पण खडखडाटात मला काही ऐकू आले नाही.

आज सह्यांसाठी मी त्यालाच बोलावले. नोटरी बाईंच्या सांगण्याप्रमाणे ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि याला काही मिळत नाही. तो आला. चष्मा लावून त्याने पाचवे कलम वाचले, सहावे वाचले. मग उठून सत्रियोच्या खुर्चीमागे, पूर्वी उभा राहायचा तिथे, जाऊन उभा राहिला. त्याने श्वास घेतला, तोंड उघडले. "आत..." एवढेच आले, तेही घोगरे. सत्रियो हलला नाही. जुमादी खुर्चीची पाठ धरून उभा राहिला, मग डोळे पुसून टेबलाशी आला आणि सहीसाठी पेन घेऊन बसला. येईन असे म्हणाला नाही. येणार नाही असेही म्हणाला नाही. मी विचारले नाही, कारण उत्तर ऐकून मला हे पुढचे कलम लिहिता आले नसते.

सात. वर लिहिल्याप्रमाणे कोणीच आले नाही तर काय करावे, हे मला सुचत नाही. नोटरी बाई म्हणतात की हे कलम रिकामे ठेवता येणार नाही. म्हणून लिहिते: रेत्नो, बाक रिकामे असतील तर टीव्ही लावू नकोस. त्याची खुर्ची मागच्या अंगणात घे, आणि त्या दिवशी रविवार आहे असे त्याला सांगू नकोस.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, मी ऐकला आणि तो माझाच आहे.

सुंबेर्जो, ब्लितार
शनिवार, जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला पाहिंग, १४ जून २०२५

सुमर्नी (सही)

साक्षीदार:
मुनाविर, मशिदीचे इमाम (सही)
जुमादी, भातगिरणी (सही)

माझ्यासमोर सह्या झाल्या:
एंदांग, नोटरी